साडेपाचचा चहा

माझ्या टीएसएचचे, म्हणजे थायरॉइडसाठी होणाऱ्या रक्ततपासणीचे, आकडे मी एका छोट्या वहीत लिहून ठेवले आहेत. एका सहकारी बँकेच्या हिशेब विभागात ३१ वर्षे काढल्यामुळे कोणताही आकडा नुसता ऐकून माझे समाधान होत नाही. तो तारखेसह कागदावर उतरला की मगच मला तो खरा वाटतो. वहीच्या पहिल्या पानावर २०२२ सालच्या पाच नोंदी आहेत. ४ मार्चला ११.८, १८ एप्रिलला ८.४, १० जूनला ६.१, ६ सप्टेंबरला ०.०९ आणि २९ ऑक्टोबरला १.७. प्रत्येक आकड्यापुढे त्या वेळी चालू असलेल्या थायरॉइडच्या गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहिली आहे : १००, १२५, १५०, पुन्हा १२५ आणि शेवटी ‘१०० व १२५ आलटून पालटून’. निरोगी माणसाचा टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो. हे लक्षात ठेवून कोणी ते पान वाचले, तर १५० च्या गोळीवर जो आकडा चढा होता तो १२५ च्या गोळीवर एकदम तळाला कसा गेला, असा प्रश्न त्याला पडेल. मात्रा कमी केल्यावर टीएसएच वाढायला हवा होता. तो घसरला, कारण या हिशेबातली एक नोंद मी कधी केलीच नव्हती, आणि ती नोंद होती आमच्या घरातल्या सकाळच्या चहाची.

जानेवारी २०२२ मध्ये माझी थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रिया करून पूर्ण काढण्यात आली. गळ्यात गाठी दहा-बारा वर्षांपासून होत्या आणि सुई टाकून केलेल्या तपासणीत त्या निरुपद्रवी असल्याचे दोनदा सांगितले गेले होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण उजवीकडची गाठ वाढत वाढत छातीच्या हाडामागे उतरली आणि तिने श्वासनलिका एका बाजूला ढकलली. ठाणे स्टेशनचा पूल चढताना धाप लागू लागली, रात्री उताणे झोपता येईनासे झाले, आणि भाताचा घाससुद्धा पाण्याबरोबर उतरवावा लागू लागला. काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत कर्करोग आढळला नाही. गळ्यावरचा व्रण आता मानेच्या सुरकुतीत मिसळून गेला आहे आणि मंगळसूत्र घातले की दिसतही नाही. शस्त्रक्रियेविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे एवढेच आहे. ती तीन तासांत आटोपली. तिच्यानंतरची गोळी योग्य जागी बसायला मात्र नऊ महिने लागले.

ग्रंथी पूर्ण गेल्यावर शरीरात थायरॉइड संप्रेरक तयार होण्याची सोयच उरत नाही, म्हणून लेव्होथायरॉक्सिनची गोळी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. ती जन्मभर घ्यायची असते. तिची मात्रा कशी ठरते, हे मी वॉर्डात राउंडला आलेल्या एका तरुण डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या केसपेपरच्या कोपऱ्यात ‘१.६ × ७०’ असे लिहून दाखवले. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.६ मायक्रोग्रॅम. माझे वजन तेव्हा ७० किलो होते, म्हणजे गुणाकार ११२. ‘आपण १०० ने सुरुवात करू आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहून ठरवू,’ असे ते म्हणाले. त्या कोपऱ्यातल्या ११२ या आकड्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. हिशेबनिसाने लक्ष द्यायला हवे होते.

टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते, आणि ज्यांची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे अशा अनेकींनाही ते माहीत नसते, असे आता लक्षात येते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. रक्तातले थायरॉइड संप्रेरक कमी झाले की ती टीएसएच सोडून थायरॉइडकडे जादा मालाची मागणी करते. माल पुरेसा असेल तर मागणी थंडावते. म्हणून संप्रेरक कमी असताना टीएसएच चढा दिसतो आणि संप्रेरक जास्त झाले की तो खाली जातो. माझ्या शरीरात माल पुरवणारा कारखानाच काढून टाकलेला असला, तरी मागणीपत्रे पाठवणारे कार्यालय चालू आहे, आणि गोळीची मात्रा त्या मागणीपत्रांवरूनच ठरवावी लागते. शिवाय हे कार्यालय फार हळवे आहे. रक्तातले टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन हे थायरॉइडचे मुख्य संप्रेरक, थोडे जरी खाली गेले तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतो. त्यामुळे ११.८ हा आकडा ४ च्या तिप्पट दिसला, तरी त्याचा अर्थ माझ्यात तिप्पट उणीव होती असा नाही. उणीव बेताचीच होती, ओरड मोठी होती.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या रात्री ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. थायरॉइडच्या मागच्या बाजूस बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम सांभाळण्याचे काम त्यांचे. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का लागला, त्यांचा रक्तपुरवठा दुखावला, की काही दिवस किंवा काही महिने कॅल्शियम घसरते. माझे घसरले होते. म्हणून घरी येताना लेव्होथायरॉक्सिनच्या बाटलीबरोबर कॅल्शियमच्या मोठ्या, घशात अडकणाऱ्या पांढऱ्या गोळ्या दिवसातून तीनदा आणि कॅल्सिट्रिऑलची (ड जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपाची) कॅप्सूल अशी दोन औषधे आली. चिठ्ठीवर थायरॉइडच्या गोळीपुढे ‘सकाळी उपाशीपोटी’ आणि कॅल्शियमपुढे ‘जेवणानंतर’ असे लिहिले होते. दोन्ही सूचना बरोबर होत्या. पण या दोन औषधांत चार तासांचे अंतर हवे, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

आता ‘उपाशीपोटी’ या शब्दाविषयी. आपल्याकडे चहा हे खाणे नव्हे. उपाशी असलेल्या माणसाला आपण आधी चहा विचारतो. ‘सकाळपासून पोटात काही नाही’ असे सांगणाऱ्या बाईचे दोन कप चहा झालेले असतात आणि तिच्या मते ती खरेच बोलत असते. रक्त काढणारी मुले हे पुरते ओळखून असतात. उपाशीपोटी आला आहात ना, असे विचारून झाल्यावर ती दुसरा प्रश्न वेगळा विचारतात, ‘चहासुद्धा नाही ना?’ माझी गोळी घेताना मला हा दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. आमच्या घरी माझे यजमान पहाटे साडेपाचला चहा करतात. लग्नानंतर आम्ही पाचपाखाडीत राहायला आलो तेव्हापासून, पंचवीसहून अधिक वर्षे, हा क्रम चालू आहे. म्हशीचे दूध, आले, आणि साखर त्यांच्या हाताने. मी उठून तोंड धुऊन गोळी घेत असे आणि पाच मिनिटांत कप हातात येत असे. गोळी विसरू नये म्हणून बाटलीही मी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली होती. सात वाजता पोहे किंवा उपमा, आणि ‘जेवणानंतर’ म्हणून लगेच कॅल्शियम. हा क्रम मी इतक्या काटेकोरपणे पाळला की एकही दिवस चुकला नाही.

मार्चच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ११.८ आला तेव्हा मात्रा १२५ केली गेली. एप्रिलमध्ये ८.४ आला आणि १५० केली गेली. आकडा उतरत होता म्हणून कोणाला शंका आली नाही, आणि मलाही वाटले की होईल हळूहळू. पण ते चार महिने मी कशी होते, ते लिहायला हवे. एप्रिलच्या उकाड्यात ठाण्यात सगळे घामाने निथळत असताना मी पंखा बंद करून शाल पांघरून बसत असे. टाचांना भेगा पडल्या, आवाज घोगरा झाला, आणि केस विंचरले की फणीत झुबका येई. सगळ्यांत वाईट म्हणजे डोक्यात जणू कापूस भरला होता. एकदा वाण्याचे बिल तपासताना सात आणि आठ यांची बेरीज मला करता येईना. आकडे दिसत होते, पण त्यांची बेरीज समोर येत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच.’ मी ते मान्य केले.

पुढे बरे वाटू लागल्यावर मी याविषयी वाचले, आणि या थकव्याला केवढा इतिहास आहे ते कळले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर हे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतले निष्णात सर्जन होते. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले. ज्यांची ग्रंथी आपण पूर्ण काढली त्यांपैकी अनेकजण पुढे सुजलेले, मंद आणि सुस्त होतात, हे त्यांनी १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केले आणि त्यानंतर निरुपद्रवी गाठींसाठी पूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. तेव्हा उपाय काहीच नव्हता. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क थायरॉइड निकामी झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचला. त्या बाई पुढे २८ वर्षे जगल्या आणि तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२० च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले. आज गोळीत जाते ते कृत्रिमरीत्या तयार केलेले थायरॉक्सिन. सासूबाईंना मी मेंढ्यांची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी माझी बाटली हातात घेऊन ‘यात नाही ना तसलं काही?’ असे दोनदा विचारून घेतले. आमचे घर शाकाहारी आहे.

जूनमध्ये १५० वरही ६.१ आला, तेव्हा मला संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे पाठवण्यात आले. त्यांचा दवाखाना नौपाड्यात, आणि गर्दी अशी की जिन्यापर्यंत चपला. त्यांनी तिन्ही रिपोर्ट पाहिले, वजन केले, गुणाकार मनातच केला असावा, कारण त्या लगेच म्हणाल्या, ‘तुम्हाला एवढी गोळी लागायला नको.’ मग मात्रेविषयी एक शब्दही न बोलता त्यांनी विचारले, ‘उठल्यापासून नाश्ता होईपर्यंत काय काय करता, ते क्रमाने सांगा. काही गाळू नका.’ मी सांगू लागले. चहापाशी आले तेव्हा त्यांनी विचारले, ‘गोळीनंतर किती वेळाने?’ मी म्हटले, ‘पाच मिनिटांनी.’ ‘दुधाचा?’ ‘हो.’ ‘आणि कॅल्शियम?’ ‘पोह्यांनंतर, सातला.’ त्यांनी पेन खाली ठेवले आणि हसल्या. ‘म्हणजे गोळी तुम्ही रोज घेता, पण ती तुमच्यापर्यंत पोचत नाही.’

लेव्होथायरॉक्सिन मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते आणि रिकाम्या पोटी घेतले तरीसुद्धा ते सगळे रक्तात उतरत नाही. साधारण ७० ते ८० टक्के उतरते. कॅल्शियम आणि लोह हे त्याला आतड्यातच धरून ठेवतात, दूध आणि सोयाबीन शोषण कमी करतात, कॉफीमुळेही ते कमी होते, आणि पित्तासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या पोटातले आम्ल घटवत असल्यामुळे त्यांचाही परिणाम होतो. म्हणून साध्या पाण्याबरोबर गोळी, त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर, असा नियम आहे. रात्री झोपतानाही गोळी घेता येते, मात्र जेवण होऊन तीन तास झालेले असावेत. आमच्याकडे ताटे वाढायलाच साडेनऊ वाजतात, त्यामुळे तो मार्ग मला उपयोगाचा नव्हता. बाटली कुठे ठेवता, असेही त्यांनी विचारले. गॅसच्या वरची फळी हे उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, कारण उष्णता, वाफ आणि उजेड यांनी हे औषध खराब होते. बाटली आता पलंगाशेजारच्या खणात असते, आणि आतली दमटपणा शोषणारी पुडी मी फेकून देत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरते, तिथे गोळीचे काय!

त्यांनी मात्रा त्याच दिवशी १५० वरून १२५ केली. आकडा चढा असताना मात्रा कमी करणे मला पटेना, म्हणून मी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की वेळ सुधारली की सगळी गोळी अंगी लागेल, आणि मग १५० मला फार होईल. कदाचित १२५ सुद्धा थोडी जास्तच होईल, पण ते सहा ते आठ आठवड्यांनी रक्त सांगेल. लवकर का नाही, हेही त्यांनी समजावले, आणि ते मला माझ्या भाषेत चटकन कळले. या औषधाचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे. म्हणजे आज रक्तात जी शिल्लक आहे तिच्यातली निम्मी आठवड्याने संपते, उरलेल्याच्या निम्मी पुढच्या आठवड्यात, आणि पाच आठवड्यांनी जुन्या मात्रेची तीन टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. त्याआधी रक्त तपासले तर जुनी आणि नवी अशा दोन खात्यांची रक्कम एकत्र मिसळलेली असते आणि त्यावरून काही ठरवणे म्हणजे महिनाअखेर होण्यापूर्वी ताळेबंद मांडणे. त्यातून पिट्युटरीलाही नव्या स्थितीवर विश्वास बसायला वेळ लागतो. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी रक्त देणाऱ्या आणि दर रिपोर्टगणिक गोळी बदलून मागणाऱ्या बायका मी त्याच दवाखान्याच्या जिन्यावर पाहिल्या आहेत. त्यांचा आकडा स्थिर होत नाही, याचे मला आता नवल वाटत नाही.

यापुढची चूक माझी एकटीची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रक्त द्यायचे होते. पण जुलैअखेर मला इतके बरे वाटू लागले, डोक्यातला कापूस निघून गेला, पाय हलके झाले, की मी ‘आता गणपती झाल्यावरच बघू’ असे म्हणून तपासणी ढकलली. ऑगस्टच्या मध्यापासून पहाटे चारलाच जाग येई. छातीत धडधड होई, तीही जिना चढताना नव्हे, स्वस्थ बसलेली असताना. मी ते गणपतीच्या तयारीच्या गडबडीवर ढकलले. हरतालिकेला मी निर्जळी करते, म्हणून त्या दिवशी गोळीही घेतली नाही, आणि रात्रभर एक गोळी चुकल्याचीच काळजी करत बसले. (नंतर विचारले तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या की सात दिवसांचे अर्धायुष्य असलेल्या औषधाचा एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, बिघडते ते कॅल्शियमबरोबर रोज घेतल्याने.) दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टला, गणपती बसले. संध्याकाळच्या आरतीला निरांजन माझ्या हातात होते. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता, आणि ज्योत थरथरत होती. माझ्या लेकीने आधी खिडकीकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे पाहिले, आणि ‘घालीन लोटांगण’ सुरू असतानाच तबक माझ्याकडून काढून घेतले.

दीड दिवसाच्या विसर्जनानंतर लेकीने मला लॅबमध्ये नेले. टीएसएच ०.०९. म्हणजे पूर्वी जे संप्रेरक कमी होते ते आता जास्त झाले होते. संप्रेरक दीर्घकाळ जास्त राहिले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि पाळी गेलेल्या बाईची हाडे अधिक झपाट्याने झिजतात; मी ५४ वर्षांची होते, म्हणजे दुसरा मुद्दा मला तंतोतंत लागू होता. हृदयाचा आलेख सुदैवाने व्यवस्थित निघाला.

याच सुमारास आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मला पाहायला आल्या. त्यांचीही ग्रंथी काढलेली आहे, पण कर्करोगासाठी. माझा ०.०९ ऐकून त्या म्हणाल्या, ‘अहो, मग छानच आहे की! माझा ०.१ च्या खाली आला तेव्हा डॉक्टर खूश झाले होते.’ क्षणभर मी गोंधळून गेले. पण त्या सांगत होत्या ते त्यांच्यापुरते खरे होते. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाच्या पेशींना टीएसएचमुळे वाढीची चालना मिळू शकते, म्हणून ज्यांच्यात रोग परत येण्याचा धोका जास्त असतो, त्यांचा टीएसएच गोळीची मात्रा मुद्दाम चढी ठेवून ०.१ च्या खाली दाबून धरतात. मध्यम धोका असेल तर ०.१ ते ०.५, आणि धोका कमी असेल तर ०.५ ते २ असे सुरुवातीचे लक्ष्य सांगितले जाते. वहिनींना परळला किरणोत्सर्गी आयोडिन देण्यापूर्वी तर गोळी चार आठवडे बंद ठेवून टीएसएच ३० च्या वर जाऊ द्यावा लागला होता, कारण तो चढा असला की उरल्यासुरल्या पेशी आयोडिन ओढून घेतात. शाल पांघरून बसण्याची जी अवस्था मला गफलतीने आली, ती त्यांना उपचार म्हणून सोसावी लागली. त्या दिवसापासून सकाळी उपवनला फिरताना भेटणाऱ्या मैत्रिणी एकमेकींचे रिपोर्ट मोबाइलवर ताडून पाहू लागल्या की मी आधी विचारते, ग्रंथी आहे की काढली, आणि काढली तर कशासाठी. त्याखेरीज दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

सप्टेंबरमध्ये मला ११२ ची गोळी द्यायचे ठरले. केसपेपरच्या कोपऱ्यातला गुणाकार अखेर कामी आला होता. पण आमच्या जवळच्या मेडिकलमध्ये १०० आणि १२५ च्या बाटल्या नेहमी असत आणि ११२ ची मागवावी लागे, तीही कधी येई, कधी नाही. कंपनी बदलून मिळेल, असे दुकानदार म्हणाला, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या गोळ्यांच्या शोषणात थोडा फरक पडू शकतो आणि या औषधात थोडा फरकही आकड्यात दिसतो, म्हणून डॉक्टर बाईंनी त्याला नकार दिला. त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी १००. मंगळवार, गुरुवार, शनिवारी १२५. आठवड्याची बेरीज ७७५, सरासरी रोज ११०.७. अर्धायुष्य लांब असल्यामुळे शरीराला रोजचा फरक जाणवत नाही, ते आठवड्याची बेरीजच पाहते. दोन बाटल्यांच्या झाकणांवर मी वारांची आद्याक्षरे मार्करने लिहून ठेवली आहेत. दिवाळीनंतर २९ ऑक्टोबरला टीएसएच १.७ आला आणि तेव्हापासून बेरीज ७७५ वरच आहे. कॅल्शियमच्या गोळ्या तोवर टप्प्याटप्प्याने कमी होत बंद झाल्या होत्या, कारण पॅराथायरॉइड सावरल्या होत्या.

२०२३ मध्ये मात्र एकदा पुन्हा घाबरगुंडी उडाली. टीएसएच ०.२ आणि टी-फोर वरच्या मर्यादेपलीकडे, आणि तरी मला काहीच होत नव्हते. झोप शांत, हात स्थिर. डॉक्टर बाईंनी गोळी न बदलता विचारले, ‘केसांसाठी काही घेता का?’ घेत होते. आदल्या वर्षी गळलेले केस परत यावेत म्हणून पुण्याहून नणंदेने बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवल्या होत्या आणि त्या मी भक्तिभावाने खात होते. बायोटिनचा थायरॉइडवर परिणाम होत नाही. होतो तो तपासणीवर. काही यंत्रांच्या चाचणीपद्धतीतच बायोटिन वापरलेले असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असले की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटे जास्त दिसते. गोळ्या बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिले आणि १.९ आला. त्या एका खोट्या रिपोर्टवरून मात्रा कमी केली गेली असती, तर मी पुन्हा शाल शोधत बसले असते. तेव्हापासून रक्त देण्याच्या दिवशी गोळीही रक्त दिल्यानंतरच घेते, कारण गोळी घेतल्यावर दोन-चार तास टी-फोर वर चढलेले असते.

एवढे करूनही काही दिवस सुस्तीचे जातात. आपली ग्रंथी टी-फोरबरोबर थोडे टी-थ्री हे अधिक क्रियाशील संप्रेरकही सोडते; गोळीत फक्त टी-फोर असते आणि त्यातून लागेल तेवढे टी-थ्री शरीर स्वतः बनवून घेते. बहुतेकांना ते पुरते, काहींना पुरत नाही असे वाटते, आणि टी-थ्रीची वेगळी गोळी द्यावी की नाही यावर डॉक्टरांचे एकमत नाही. मी ती मागितलेली नाही. दुपारी वीस मिनिटे आडवी होते आणि उठून कामाला लागते.

चहाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. गोळी पहाटे साडेपाचलाच आहे, पण माझा चहा साडेसहावर गेला. पहिले दोन महिने यजमान साडेपाचचा चहा स्वयंपाकघरात दार लोटून एकट्याने पीत असत, जणू काही चोरून पितात. मग एक दिवस तेही थांबले. आता आधण सव्वासहालाच ठेवतात, आले किसतात, कप विसळून मांडतात आणि दर पाच मिनिटांनी आतून विचारतात, ‘झाला का गं तुझा तास?’